जळक्या तेलाचा हिशेब

(खडकी येथे कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे लेखरूप)



आजचा विषय ठरला तेव्हा तो काहींना किरकोळ वाटला असण्याचा संभव आहे. महागाई, कंत्राटी पद्धत, घरांची टंचाई असे प्रश्न दाराशी उभे असताना गॅरेजातल्या काळ्या ऑइलवर तासभर बोलायचे कशाला, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु कष्टकऱ्याच्या आयुष्यातली पुष्कळशी झीज अशाच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतून होत असते. आठ तासांच्या कामाचे वेतन किती, हे आपण मोजतो. त्या आठ तासांत आणि घरी परतल्यावर उरलेल्या सोळा तासांत आपण कोणता वारा छातीत भरून घेतो, याचा हिशेब आपण ठेवत नाही. तो हिशेब ठेवण्याचा आजचा प्रयत्न आहे.

खडकीत हा विषय मांडण्याला औचित्य आहे. ही वस्ती यंत्रांच्या आणि वंगणाच्या संगतीत वाढली. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९४० साली हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी आली आणि १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. मुळा ओलांडली की दापोडीला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. या मोठ्या आस्थापनांकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही. मोठ्या कारखान्यातून निघणाऱ्या टाकाऊ तेलाची निदान कागदावर नोंद होते. माझा रोख आहे तो जुन्या पुणे–मुंबई रस्त्याच्या आणि त्यासारख्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला असलेल्या लहान गॅरेजांतून, सर्व्हिसिंगच्या टपऱ्यांतून निघणाऱ्या, ज्याची कोठेच नोंद होत नाही अशा तेलाकडे.

हे तेल थोडेथोडके नसते. एका मोटारसायकलच्या इंजिनातून ऑइल बदलताना सुमारे एक लिटर तेल निघते, मोटारीतून तीन-चार लिटर, आणि ट्रक किंवा बस असेल तर त्याच्या कितीतरी पट. दिवसाला आठ-दहा दुचाक्या करणाऱ्या टपरीत महिन्याअखेर दोनशे लिटरचे एक पिंप भरते. टपरीवाला ते भंगारवाल्याला विकतो. भंगारवाल्याकडून ते मोठ्या व्यापाऱ्याकडे जाते. त्याच्याकडून काही तेल परवानाधारक शुद्धीकरण कारखान्यात पोहोचते, आणि काही तेल भट्ट्यांत आणि बॉयलरांत जळण म्हणून जाते. फर्नेस ऑइलच्या जवळपास उष्णता देणारे आणि त्याहून स्वस्त पडणारे जळण कोणाला नको असेल? पिंप गॅरेजातून निघताना ‘टाकाऊ’ असते. भट्टीशी पोहोचते तेव्हा त्याचे नाव ‘इंधन’ झालेले असते. वाटेत तेलात काहीही बदललेले नसते.

आपल्याकडे या तेलाविषयी एक आपलेपणाही आहे. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना ते लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडतात, डास होऊ नयेत म्हणून डबक्यात ओततात. जे इतक्या कामांना येते ते विषारी कसे असेल, असा समज त्यातून दृढ झाला आहे. म्हणून आधी या तेलात असते काय, ते पाहिले पाहिजे.

तेल इंजिनात झिजत नाही, ते मळते. मूळ तेल बव्हंशी शाबूत असते, परंतु त्यात चार प्रकारचा मळ साठतो. पहिला, इंजिनाच्या घर्षणातून सुटलेले धातू: लोखंड, तांबे, क्रोमियम, ॲल्युमिनियम, काही वेळा शिसे. दुसरा, तेल टिकावे म्हणून कारखान्यातच मिसळलेली द्रव्ये: जस्त, फॉस्फरस, गंधक, कॅल्शियम यांची संयुगे. तिसरा, अर्धवट जळलेल्या पेट्रोल-डिझेलची काजळी आणि तिच्यासोबत येणारी पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगे. यांपैकी बेन्झोपायरीन हे माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात घातले आहे. चौथा मळ इंजिनातला नसतो, तो आपल्या सवयीचा असतो. पिंप उघडे असते म्हणून त्यात थिनर जाते, ब्रेक ऑइल जाते, सुटे भाग धुण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण जाते, लेथवरचे कटिंग ऑइल जाते. क्लोरीन असलेले काहीही कमी तापमानात तेलासोबत जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन जातीची विषे तयार होतात.

येथे एक गोष्ट निखळपणे सांगितली पाहिजे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि त्यानंतर इंजिन तेलातल्या शिशाचा मुख्य झरा आटला. ही मोठी सुधारणा होती. परंतु बाकीचे धातू, काजळी, गंधक आणि क्लोरीन यांना या सुधारणेचा स्पर्श झालेला नाही.

हा मळ आगीत नाहीसा होत नाही. आग मुख्यतः कर्बाला आणि उदजनाला जाळते. धातू धातूच राहतो. त्याचा काही भाग राखेत बसतो आणि उरलेला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांवर स्वार होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. हे कण नाकातल्या केसांना किंवा घशातल्या ओलाव्याला दाद देत नाहीत. फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यापर्यंत जातात. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते, आणि त्याची अमुक एक मात्रा सुरक्षित आहे असे सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. निकेलची संयुगे, कॅडमियम आणि षट्‌संयुजी क्रोमियम ही फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडलेली आहेत. राखेचेही तसेच. ती भट्टीतून खरवडून नाल्याकाठी टाकली की पहिल्या पावसात नाल्यात आणि तेथून मुळेत जाते.

हे ज्ञान आजचे नाही, आणि ते मिळवण्यासाठी श्रमिकांनीच आपले देह खर्ची घातले आहेत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या वृषणकोशाच्या त्वचेला पुढील वयात होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. पुढे लँकेशायरच्या कापडगिरण्यांत म्यूल नावाच्या चात्यांच्या यंत्रावर काम करणाऱ्या कामगारांना तोच रोग होऊ लागला. यंत्रावर वाकून काम करताना चात्यांवरचे खनिज तेल त्यांच्या कपड्यांवर उडे आणि दिवसभर मांड्यांशी मुरत राही. १९२२ साली वैद्यांनी हा संबंध उघडपणे मांडला. त्यासंबंधीचे ब्रिटिश नियम झाले १९५३ साली. दरम्यानच्या तीस वर्षांत किती माणसे गेली असतील, याची कल्पना आपण करू शकतो. गॅरेजातला जो मुलगा तेलकट फडके दिवसभर विजारीच्या खिशात ठेवतो आणि संध्याकाळी पेट्रोलने हात धुतो, त्याने ही गोष्ट ऐकली पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. टाकाऊ तेलाचा समावेश घातक कचऱ्यात होतो. १९८९ साली पहिले नियम झाले. आज २०१६ चे नियम लागू आहेत. त्यांच्या पाचव्या परिशिष्टात टाकाऊ तेलापासून केलेल्या इंधनाची कमाल मर्यादा दिली आहे: दहा लाख भागांत शिसे १०० भाग, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल मिळून ५०० भाग, हॅलोजन ४,००० भाग, गंधक ४.५ टक्के आणि मघाशी सांगितलेली हायड्रोकार्बने ६ टक्के. आकडे ऐकून कंटाळू नका. साधे त्रैराशिक मांडून बघा.

दोनशे लिटरच्या पिंपातल्या तेलाचे वजन सुमारे १८० किलो भरते. कायद्याच्या मर्यादेतल्या, म्हणजे पूर्णपणे ‘कायदेशीर’ अशा पिंपात १८ ग्रॅमपर्यंत शिसे, ९० ग्रॅमपर्यंत कॅडमियम-क्रोमियम-निकेल आणि आठ किलोपर्यंत गंधक असू शकते. आठ किलो गंधकापासून सोळा किलो सल्फर डायॉक्साइड होतो. एखादी भट्टी दिवसाला एक पिंप याप्रमाणे वर्षाचे तीनशे दिवस चालली, तर त्या तीन धातूंचे वर्षाचे प्रमाण सत्तावीस किलोवर जाते. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत शिसे एक मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे. एका पिंपातले १८ ग्रॅम शिसे हवेत गेले, तर ते या मर्यादेपर्यंत विरळ करायला एक कोटी ऐंशी लाख घनमीटर हवा लागेल. शंभर मीटर उंचीपर्यंतची हवा धरली तर हे सुमारे पंचेचाळीस एकर वस्तीचे आभाळ झाले. सगळेच शिसे हवेत जात नाही आणि प्रत्येक पिंप मर्यादेला टेकलेले नसते, हे मला मान्य आहे. परंतु हा हिशेब कायदा पाळणाऱ्याचा आहे. ज्या पिंपाची तपासणी झालीच नाही, त्याचा हिशेब कोण मांडणार?

आणखी एक तुलना करतो. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहा डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसते. टाकाऊ तेलाच्या इंधनाला मुभा आहे ती ४५,००० भागांची, म्हणजे साडेचार हजार पटींची. रस्त्यावर धावणाऱ्या नव्या मोटारीच्या इंधनाविषयी सरकार इतके काटेकोर आहे, आणि वस्तीला लागून असलेल्या धुराड्याच्या इंधनाविषयी इतके उदार आहे. हा फरक रसायनशास्त्रातून आलेला नाही. मोटारीच्या धुराविषयी बोलणारा वर्ग वर्तमानपत्रापर्यंत आणि न्यायालयापर्यंत पोहोचतो. भट्टीच्या धुराखाली राहणाऱ्याला तक्रारीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीभोवतीच्या उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थान या राज्यांत फर्नेस ऑइल व पेटकोक यांच्या वापरावर बंदी घातली, ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. ती बंदी योग्यच होती. पण राजधानीच्या छातीला जे घातक ठरते ते मुळाकाठच्या छातीला मानवते, असे कोणी म्हणू शकेल काय?

परदेशांतही सारे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या नियमांत वापरलेल्या तेलाला जळण म्हणून मान्यता आहे, आणि गॅरेजवाल्याला स्वतःचे तेल स्वतःच्या शेगडीत जाळण्याची सवलतही आहे. पण तेथे कॅडमियमची मर्यादा स्वतंत्रपणे २ भाग आणि क्रोमियमची १० भाग आहे. आपल्याकडे तीन धातूंची मोट बांधून एकत्र ५०० भाग ठेवल्यामुळे त्यात क्रोमियम किती आणि कॅडमियम किती, हे विचारण्याची सोयच राहिली नाही.

पिंपात काय मिसळले आहे हे कोणालाच ठाऊक नसणे, हा या व्यवहारातला सर्वांत मोठा धोका आहे. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात टाइम्स बीच नावाचे छोटे गाव होते. १९७० च्या दशकात तेथल्या कच्च्या रस्त्यांवर धूळ उडू नये म्हणून टाकाऊ तेल शिंपडण्यात आले. ते तेल गोळा करणाऱ्या कंत्राटदाराने एका रासायनिक कारखान्याचा डायॉक्सिनयुक्त गाळही त्याच तेलात मिसळला होता. ज्या घोड्यांच्या रिंगणांत त्याने असे तेल शिंपडले तेथे घोडे मेले. माणसांना कारण कळेपर्यंत काही वर्षे गेली. १९८३ साली सरकारने ते संपूर्ण गाव विकत घेऊन रिकामे केले. दोन हजारांहून अधिक माणसे आपली घरे सोडून गेली.

आपल्या दाराशी घडलेली गोष्टही विसरता कामा नये. न्हावाशेवा बंदरात वंगण तेलाच्या नावाखाली आयात झालेले १३३ कंटेनर पडून होते. तपासणीत ते घातक टाकाऊ तेल निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ते तेल देखरेखीखाली जाळून नष्ट करावे, खर्च आयातदारांकडून वसूल करावा, असा आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात ठामपणे आले. श्रीमंत देशांतला मळ आमच्या बंदरात ‘वंगण’ नावाने उतरतो आणि आमच्या गॅरेजातला मळ आमच्याच भट्टीत ‘इंधन’ नावाने जातो. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच आहे, ती नाव बदलण्याची.

यावर कोणी विचारील, न्यायालयानेच जाळायला सांगितले, मग भट्टीवाल्याने जाळले तर बिघडले कुठे? प्रश्न रास्त आहे. घातक कचरा जाळण्याच्या अधिकृत भट्टीत अकराशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान राखावे लागते. जळालेला वायू निदान दोन सेकंद त्या उष्णतेत ठेवावा लागतो. नंतर तो धुऊन, गाळून, सतत मोजून मगच बाहेर सोडायचा असतो. सिमेंटच्या भट्टीतही तापमान फार मोठे असते आणि चुना आम्ल शोषून घेतो. गल्लीतल्या बॉयलरला यातले काही नसते. सकाळी तो थंड असतो, तेव्हा धूर सर्वांत काळा निघतो. बर्नरच्या तोंडाशी गाळ अडकला की ज्वाला आखडते आणि धूर वाढतो. धुराड्याला गाळणी नसते आणि त्याची उंची शेजारच्या चाळीच्या पत्र्यापेक्षा फारशी जास्त नसते. पुण्याचा हिवाळा तुम्हाला ठाऊक आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वरची हवा तुलनेने उबदार राहते, आणि धूर झाकण घातलेल्या भांड्यातल्यासारखा खालीच कोंडतो. त्याच वेळी कामगार पहिल्या पाळीला निघतो आणि मुले शाळेला निघतात.

दुसरा आक्षेप लहान उद्योजकाचा आहे. तो म्हणतो, महाग इंधन मला परवडत नाही. भट्टी बंद झाली तर दहा माणसांचा रोजगार जाईल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल अशाच भट्टीवर पेटते. पण ‘परवडते’ या शब्दाचा अर्थ नीट लावू या. इंधनात वाचलेला पैसा मालकाच्या वहीत जमेच्या बाजूला दिसतो. खर्चाची बाजू दुसऱ्याच्या वहीत असते: खोकल्याच्या औषधात, बुडालेल्या मजुरीत, शाळेत मागे पडणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात. दोन वह्या एकत्र ठेवल्या, तर हे जळण शहरातले सर्वांत महाग जळण ठरेल. शिवाय गंधकयुक्त धुरामुळे बॉयलरचे नळ आणि धुराडे आम्लाने खाल्ले जातात, तेव्हा मालकाचीही बचत शेवटी भंगारात जाते.

तिसरा आक्षेप असा की जाळले नाही तर लोक हे तेल गटारात ओततील. एक लिटर तेल दहा लाख लिटर पाणी बिघडवू शकते असे मानले जाते, तेव्हा ओतणे हा उपाय नाहीच. पण दोन अपराधांतला एक निवडा, असे आपल्याला सांगितले जाते तेव्हा तिसरी वाट कोणीतरी लपवली आहे, असे समजावे. ती वाट शुद्धीकरणाची आहे.

तेल मळते, झिजत नाही, असे मी प्रारंभी म्हटले. निर्वात ऊर्ध्वपातन आणि हायड्रोजनप्रक्रिया करून त्यातून पुन्हा वंगणाचे मूळ तेल मिळवता येते, आणि ते नव्या तेलाच्या तोडीचे असते. पूर्वी आम्ल आणि मातीची पद्धत वापरत; तिच्यातून आम्लयुक्त डांबर निघे आणि ते कोठे टाकायचे हा नवा प्रश्न उभा राही, म्हणून पुढे नियमांनी ती पद्धत बाद ठरवली. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. परकीय चलन मोजून आणलेले, पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगे वंगण एकदाच जाळून धूर करणे, हे धान्य असताना बियाणे दळून खाण्यासारखे आहे.

मग हे तेल शुद्धीकरणाला का पोहोचत नाही? कारण भट्टीवाला रोख देतो, दारात येऊन नेतो आणि कागद मागत नाही. शुद्धीकरणाच्या वाटेवर कागद आहेत. घातक कचरा हलवताना सात प्रतींचे वाहतूकपत्र करावे लागते: एक पाठवणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक घेणाऱ्याची, बाकीच्या प्रदूषण मंडळांच्या आणि परतीच्या. सात रंगांच्या सात प्रती निघतात, पण ज्या वस्तीवर धूर पडतो तिच्या वाट्याला आठवी प्रत नाही. आणि चार माणसांच्या गॅरेजवाल्याला हे सात कागद भरायला लावणे म्हणजे त्याला भंगारवाल्याच्या हाती ढकलणेच होय.

१८ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने वापरलेल्या तेलाबाबत उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकणारे नियम काढले. ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांनी विकलेल्या तेलाचा ठरावीक हिस्सा परत प्रक्रियेत गेल्याची प्रमाणपत्रे मिळवायची आहेत. २०२४–२५ साठी हा हिस्सा ५ टक्के होता आणि तो टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जायचा आहे. दिशा बरोबर आहे, तिचे मी स्वागत करतो. पण प्रमाणपत्रांचा व्यवहार कंपनी आणि प्रक्रियाकार यांच्यातच फिरत राहिला, तर टपरीतल्या पिंपाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरीकडे धाक सैल होत चालला आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने, १ एप्रिल २०२४ पासून, तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात सुधारणा होऊन धोकादायक प्रक्रियेची माहिती मिळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येत मूळची दहा कामगारांची अट वीसवर गेली. म्हणजे जेथे धोका जास्त आणि देखरेख कमी, अशा लहान जागांतल्या माणसाभोवतीचे कुंपण आणखी ठेंगणे झाले.

मग आपण काय करायचे? मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली, संकलनाची सहकारी व्यवस्था. हा विचार स्वप्नाळू वाटत असेल त्याने महाराष्ट्रातले दूध संकलन पाहावे. दोन लिटर दूध घेऊन येणाऱ्या बाईचे दूध केंद्रावर मोजले जाते, फॅट पाहून भाव ठरतो. दूध जमते तर तेल का जमू नये? आणि पुण्याला तर कचऱ्याच्या कामातला धडा घरचाच आहे. १९९३ साली येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिला डॉ. बाबा आढावांचे नेतृत्व लाभले, आणि २००८ पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. ज्यांना शहर कचऱ्यातच मोजत होते त्या स्त्रियांनी दारोदारच्या संकलनाची घडी बसवून दाखवली. गॅरेज कामगारांच्या आणि भंगार गोळा करणाऱ्यांच्या अशाच संस्थेला तेल कंपन्यांनी आपल्या जबाबदारीचा पैसा द्यावा, रोख भाव द्यावा, आणि कागदपत्रांचे ओझे संस्थेने उचलावे.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे: पिंप स्वच्छ ठेवणे. इंजिन ऑइलच्या पिंपात थिनर, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरीचे पाणी काहीही जाऊ द्यायचे नाही. पिंपाला झाकण ठेवायचे. पाणी मिसळले आहे का, हे तापल्या तव्यावर थेंब टाकला की तडतडीवरून कळते. क्लोरीन मिसळल्याचा संशय आला तर तांब्याची तार लाल तापवून तेलात बुडवून ज्योतीत धरली की ज्योत हिरवी होते. ही परीक्षा उघड्या हवेत, जाणत्या माणसानेच करावी. तेलकट फडके खिशात नको, तेलकट कपडे घरी नको, हात धुवायला पेट्रोल नको.

तिसरी मागणी शासनाकडे. दाट वस्तीतल्या गाळणीविरहित भट्ट्यांना टाकाऊ तेल जाळण्याची मुभा असू नये. तीन धातूंची मोट सोडून प्रत्येकाची स्वतंत्र मर्यादा ठरवावी. गंधकाची मर्यादा आजच्या काळाला शोभेल अशी खाली आणावी. आणि भट्टी बदलून वायूवर किंवा विजेवर नेणाऱ्या लहान उद्योजकाला स्वस्त कर्ज द्यावे, म्हणजे रोजगाराचे नाव पुढे करून विषाचे समर्थन करण्याची पाळी कोणावर येणार नाही.

चौथी, माहितीचा हक्क. घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांनी आपल्या फाटकावर फलक लावून आत काय आहे आणि बाहेर काय सोडले जाते ते लोकांना सांगावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात म्हटले. भट्टीच्या दारावरही तसा फलक हवा: जळण कोणते, कोठून आले, कधी तपासले. खडकीत तर याची विशेष गरज आहे. येथे छावणी मंडळाची हद्द आहे, बोपोडी पुणे महापालिकेत आहे, दापोडी पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, मधे संरक्षण खात्याच्या भिंती आहेत. तक्रार या हद्दींवर अडते, अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातो. धूर मात्र कोठेही न अडता सर्व हद्दी ओलांडतो. तेव्हा या चारही बाजूंच्या नागरिकांची एकच समिती असावी, आणि तिने दर महिन्याला प्रत्येक कचेरीकडून एकत्र उत्तर मागावे.

एक सावधगिरी सांगून थांबतो. उद्या कारवाई सुरू झाली, तर पहिला दंड टपरीतल्या पोराला होण्याची भीती आहे, कारण तो रस्त्यावर दिसतो. त्या पोराला गुन्हेगार ठरवून आपण मोकळे झालो तर आपले सारे बोलणे व्यर्थ आहे. तेल विकून नफा घेणारी कंपनी, ते स्वस्तात जाळणारी भट्टी आणि मर्यादा सैल ठेवणारे शासन या क्रमाने जबाबदारी ठरली पाहिजे. टपरीतला पोरगा या साखळीचा पहिला दुवा आहे आणि तिचा पहिला बळीही तोच आहे. त्याला बरोबर घेऊनच ही चळवळ उभी राहील. पुढच्या बैठकीला आपल्या ओळखीचा एक तरी गॅरेज कामगार प्रत्येकाने सोबत आणावा, आणि त्याच्या पिंपाचा मागील महिन्याचा हिशेब आपण त्याच्याच तोंडून ऐकावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.